अकरा विद्यार्थी, आठवड्याला दोन तास: पदवीच्या मुलांकडून संशोधन कसं करून घ्यायचं

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातल्या कॉलेजात यंदाच रुजू झालात. द्वितीय वर्षाचे अकरा विद्यार्थी संशोधनासाठी तुमच्याकडे सोपवलेत, सात विज्ञानाचे आणि चार कलाशाखेचे. वेळ आठवड्याला दोन तास, प्रयोगशाळा पदवीच्या प्रॅक्टिकलपुरती, निधी नावापुरता. वर्षाखेरीस काही ठोस हाती लागावं, जमलं तर ‘आविष्कार’ या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला पाठवावं, आणि त्यासाठी चांगल्या विषयांची यादी हवी.

यादी देता येईल, पण तिने अडचण सुटणार नाही. विषय मिळत नाही म्हणून बुडालेले प्रकल्प फार थोडे. बहुतेक बुडतात ते दोन कारणांनी: प्रश्न वर्षभरात झेपेल एवढा लहान केलेला नसतो, किंवा सगळे निर्णय गाइडने घेतलेले असतात आणि मुलं फक्त रीडिंग भरत असतात. दुसऱ्या प्रकारचा प्रकल्प बाहेरून छान दिसतो, बक्षीसही मिळवतो. पण परीक्षकाने “इथे तीनच नमुने का घेतले?” असं विचारलं की मुलं तुमच्याकडे बघतात. मला तिथे मुलांचा राग येत नाही, कारण तो निर्णय त्यांच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाशी संलग्न, यावर या कामाला श्रेयांक मिळणार की नाही हे ठरतं. नव्या शैक्षणिक धोरणातला फील्ड प्रोजेक्ट याच कामात बसवता आला तर जरूर बसवा, म्हणजे मुलांवर दुहेरी ओझं येणार नाही. चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेण्यासाठी यूजीसीच्या 2022 च्या आराखड्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के आणि 12 श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प आहे. तुमच्या मुलांपैकी कोणी तिकडे जाणार असेल तर यंदाचं काम ही त्याची तयारी. बाकीच्यांसाठी एक प्रश्न शेवटपर्यंत नेण्याचा अनुभव पुरेसा आहे.

आता गट. अकराजणांचे चार गट करा, तीन गट तिघांचे आणि एक दोघांचा. पाचजणांच्या गटात दोघं काम करतात आणि तिघं सह्या करतात. प्रत्येक गटाला आठवड्याला पंचवीस मिनिटं दिली की शंभर मिनिटं झाली. उरलेली वीस मिनिटं सगळ्यांना एकत्र बसवा, विज्ञान आणि कला वेगळं न करता. खाडीच्या पाण्यावर काम करणाऱ्या मुलीला “तुला हे कशावरून कळलं?” हा प्रश्न इतिहासाच्या मुलाने विचारला, की तिला शब्द जपून वापरावे लागतात. हा फायदा एकाच शाखेच्या गटात मिळत नाही.

मुलं पहिल्यांदा जे आणतील ते ‘ठाणे खाडीचं प्रदूषण’ किंवा ‘आगरी संस्कृती’ असं काहीतरी असेल. त्यांना हसू नका, नाकारूही नका. तीन गोष्टी विचारा: नेमकं काय मोजणार किंवा ऐकणार, कुठे आणि कधी, आणि काय दिसलं तर तुमचा अंदाज चुकला असं मानाल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत विषय मंजूर करू नका. ज्या कामात अंदाज चुकूच शकत नाही ते माहिती गोळा करणं झालं. त्यालाही किंमत आहे, पण त्याला संशोधन म्हणू नये.

खाडीचंच उदाहरण घेऊ. लहान केलेला प्रश्न असा होईल: कळवा पुलाच्या परिसरात एकाच ठिकाणी भरतीच्या आणि ओहोटीच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये फरक पडतो का, आणि किती? साधा वाटतो, पण मुलांना विचार करायला लावणारं बरंच त्यात दडलेलं आहे. समजा, त्यांनी ठरवलं की दर रविवारी सकाळी नऊला नमुना घ्यायचा. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्यात ती जवळजवळ सहा तास सरकते. म्हणजे या रविवारी नऊला पाणी चढत असेल तर पुढच्या रविवारी नऊला ते उतरत असेल. हे लक्षात न घेता आठ रविवार नमुने घेतले की आलेखात सुंदर नागमोडी रेघ दिसते आणि मुलं तिचं कारण कारखान्यांत शोधतात.

बरं, पंधरा दिवसांनी त्याच वेळी गेलं तर? भरतीची स्थिती जवळपास तीच मिळते. पण मग उधाणाची भरती मुंबईकडे दुपारी बाराच्या आसपास येत असल्याने, अमावास्या-पौर्णिमेच्या दिवसांत भरतीचा नमुना नेहमी दुपारचा आणि ओहोटीचा नेहमी सकाळचा किंवा संध्याकाळचा येणार. दुपारी उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं. आता फरक भरतीमुळे पडला की उन्हामुळे? दोन्ही नमुने दुपारी बारालाच घ्यायचे ठरवले तर एक उधाणाच्या दिवशी आणि दुसरा भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याच्या, दिवशी घ्यावा लागतो, म्हणजे तिथे तिसरीच गोष्ट मिसळते. एका वर्षाच्या कामात हा गुंता पूर्ण सुटत नाही. कुठली गोष्ट मिसळू द्यायची हे मुलांनी ठरवायचं, आणि का ते वहीत लिहायचं. हा एक निर्णय त्यांनी स्वतः घेतला तर अर्धं संशोधन शिकून झालं. उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी इथे दोन आठवडे गप्प बसा. भरतीची वेळ मुंबई बंदराच्या तक्त्यातून घ्यावी, पण आत ठाण्यापर्यंत पाणी पोचायला उशीर होतो, म्हणून पातळी डोळ्यांनी बघूनच नोंदवायला सांगा.

मोजण्याची पद्धत मात्र हातात हात घेऊन शिकवा. विरघळलेला ऑक्सिजन रसायनांनी मोजायच्या विंकलर पद्धतीला महागडं यंत्र लागत नाही. 300 मिलिलिटरची काचेची बूच असलेली बाटली बुडबुडा न राहता काठोकाठ भरायची. मँगनस सल्फेट 1 मिलिलिटर आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड 1 मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून सोडायचं. बूच लावून उलटीसुलटी करायची. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळपास नाही. हे सगळं खाडीवरच करायचं. कॉलेजात आणून करू म्हटलं की तासाभरात पाण्यातले जिवाणू ऑक्सिजन वापरून टाकतात आणि आकडा खाली येतो. साका बसल्यावर 1 मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तो विरघळवायचा. मग त्यातलं 201 मिलिलिटर घेऊन 0.025 नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, स्टार्च रंग फिकट पिवळा झाल्यावर घालायचं. वरचं 1 मिलिलिटर घातलेल्या द्रावणांमुळे सांडलेल्या पाण्याची भरपाई आहे. या मापाने थायोसल्फेटचं 1 मिलिलिटर म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅम ऑक्सिजन, हिशेब सोपा. थायोसल्फेट ठेवून ठेवून कमजोर होतं, म्हणून प्रत्येक वेळी डायक्रोमेटने प्रमाणित करून घ्यायचं. जुन्या बाटलीवरची चिठ्ठी खरी मानू नये. अझाइड विषारी आहे. ते बेसिनमध्ये ओतायचं नाही, आणि त्याच्या मूळ द्रावणात आम्ल पडू द्यायचं नाही.

आकडा पटण्यासारखा आहे का, हे मुलांना तपासता आलं पाहिजे. 30 अंश तापमानाला गोड्या पाण्यात हवेशी समतोल असताना लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. समुद्राच्या खारेपणाला तो सहाच्या थोडा वर. खाडीवर भल्या सकाळी 10 आला तर बाटलीत बुडबुडा होता. मासुंदा तलावावर, हिरव्या पाण्यात, दुपारी तीनला 10 आला तर तो खरा असू शकतो. दोन्हीकडे आकडा तोच, पण एक फेकायचा आणि दुसरा जपायचा. हा फरक पाठ करून कळत नाही, म्हणून आधी कारण विचारा.

सीओडी (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो, ती चाचणी) करण्याचा मोह खाडीसाठी टाळा. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्यात अडथळा आणतं, मर्क्युरिक सल्फेट घालूनही फार खारं पाणी असेल तर आकडा भरवशाचा राहत नाही, आणि पाऱ्याचा कचरा तुमच्या माथी येतो. बीओडी (तीच घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, ती चाचणी) जमेल. भारतीय मानकाप्रमाणे 27 अंशांना तीन दिवस ठेवायचं, म्हणजे रविवारचा नमुना बुधवारी मोजायला कोणीतरी हजर हवं. त्या दिवशी त्यांचं प्रॅक्टिकल नाही ना, ते आधी बघा.

परवानगीचं काम जूनमध्येच सुरू करा. ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधला पट्टा 2015 पासून ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जाही मिळाला. अभयारण्यात अभ्यासासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, अर्ज वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत करावा. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जायचं तरी वनविभागाला विचारावं लागतं, कारण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. परवानगी वेळेवर येईल असं धरू नका. प्रत्येक गटाकडे तोच प्रश्न तलावावर विचारता येईल अशी दुसरी वाट तयार असू द्या. चिखलात कोणी एकट्याने उतरायचं नाही. बादली दोरीने सोडायची, काठावरून. या बाबतीत “तुला काय वाटतं?” असं विचारत बसू नका, सरळ नियम सांगा.

कलाशाखेच्या मुलांकडे वळते, कारण बहुतेक कॉलेजांत त्यांना ‘माहिती काढा आणि निबंध लिहा’ इतकंच सांगितलं जातं. त्यांच्यासाठीही प्रश्न तितकाच घट्ट करता येतो. दुकानांच्या पाट्या बघा. 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सर्व दुकानांना देवनागरीत मराठी पाटी बंधनकारक झाली, मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत असं ठरलं, आणि सप्टेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मग प्रश्न असा: नौपाड्यातल्या गोखले रोडवर आणि वाशीच्या सेक्टर 17 मध्ये देवनागरी पाट्यांपैकी किती मराठी भाषेत आहेत आणि किती नुसत्या इंग्रजी शब्दांचं देवनागरी लेखन आहेत? प्रत्येक ठिकाणी दीडशे पाट्या, सलग, एकही न गाळता. सलग हे महत्त्वाचं, नाहीतर डोळ्यांना आवडलेल्याच पाट्या टिपल्या जातात. आधी नियम लिहायचे: ‘मेडिकल’ कुठल्या खान्यात? माणसाचं नाव असलेली पाटी कुठे? मग दोघांनी एकमेकांशी न बोलता पहिल्या तीस पाट्यांचं वर्गीकरण करायचं आणि किती जुळलं ते कोहेनच्या कप्पाने (योगायोगाने जुळलेलं वजा करून एकमत मोजणारा आकडा, पूर्ण जुळलं तर 1) बघायचं. 0.6 च्या खाली आलं तर नियम ढिसाळ आहेत. ते सुधारायचे आणि नव्या तीस पाट्यांवर पुन्हा करायचं. कलाशाखेची मुलं हे करताना नेहमी चकित होतात, की ‘उघड दिसणाऱ्या’ गोष्टीवर दोन माणसांचं एकमत होत नाही.

मुलाखतींचं काम जास्त नाजूक असतं. घणसोली किंवा कोपरखैरण्याच्या गावठाणात लग्नातले धवले गाणाऱ्या धवलारणी भेटतील. एकाच विधीचा धवला दोन गावांत किती वेगळा, हा चांगला प्रश्न आहे. पण बाईंना खुर्चीवर बसवून “एक म्हणून दाखवा” म्हटलं की बहुधा छोटं, कापलेलं रूप मिळतं. लग्नात ऐकलं की म्हणायला लावून ऐकलं, हे प्रत्येक ध्वनिमुद्रणावर नोंदवावंच लागतं. संमतीपत्र एका पानाचं, मराठीत, आणि आधी वाचून दाखवलेलं. नाव द्यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, मुद्रणाची प्रत त्यांना पोचवायची, आणि त्यांनी नको म्हटलेलं गाणं कुठेही टाकायचं नाही. मुलांना त्यांच्याशी कसं बोलायचं हेही सांगा. मावशी म्हणावं, जेवणाच्या वेळी जाऊ नये, आणि फोन खिशातून काढण्याआधी विचारावं.

तासाभराच्या मुद्रणाचं लिप्यंतर करायला चार ते सहा तास लागतात, बोली अनोळखी असेल तर आणखी. पंचेचाळीस मिनिटांच्या सहा मुलाखती म्हणजे वीस-पंचवीस तास नुसतं ऐकून लिहिणं. तिघांच्या गटाला हे जमतं. पंधरा मुलाखतींचं आश्वासन दिलं तर जमत नाही, आणि मग न ऐकताच सारांश लिहिले जातात. ज्यांना माणसांपेक्षा वास्तू बऱ्या वाटतात त्यांना बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला पाठवा. चार्ल्स कोरिया यांनी 1980 च्या दशकात तिथे सात-सात घरं एका अंगणाभोवती अशी रचना केली, आणि रहिवाशांनी घर हळूहळू वाढवावं हे मुळातच धरलं होतं. मूळ आराखडा आणि आजचं घर यांत काय बदललं, ते एका अंगणापुरतं मोजलं तरी वर्ष पुरेल.

दोन चुका दोन्ही शाखांत सारख्याच होतात. एकाच बाटलीतून तीनदा मोजून ‘तीन नमुने’ लिहितात. तीन वेगळ्या बाटल्या भरल्या तर तीन नमुने, एकाच बाटलीची तीन रीडिंग म्हणजे टायट्रेशन किती नीट झालं एवढंच कळतं. दुसरी चूक गूगल फॉर्मची. 385 जणांचा सर्व्हे केला की 5 टक्क्यांच्या आत चूक, हे सूत्र मुलं कुठून तरी आणतात. ते सूत्र लॉटरीने निवडलेल्या लोकांसाठी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला फॉर्म हजार जणांनी भरला तरी तो तुमच्या मुलांच्या ओळखीच्या लोकांचाच राहतो. त्यापेक्षा एका इमारतीतल्या सगळ्या चाळीस घरांत जाऊन विचारलेलं जास्त सांगून जातं. टी-टेस्टपर्यंत (दोन सरासरींतला फरक तपासण्याची संख्याशास्त्रीय चाचणी) जाण्याआधी प्रत्येक बिंदू कागदावर हाताने काढायला लावा. विचित्र बिंदू सॉफ्टवेअरमध्ये दडतो, कागदावर दडत नाही.

वही बांधीव, पानांवर आकडे, पेनाने लिहिलेली. पान फाडायचं नाही, व्हाइटनर नाही, चूक एका रेघेने खोडायची म्हणजे खालचं वाचता येतं. फाइलच्या नावात तारीख, ठिकाण आणि क्रमांक. मूळ आकड्यांची एक्सेल फाइल कोणी हात न लावता वेगळी ठेवायची, तिची प्रत तुमच्याकडे. दर भेटीआधी प्रत्येक गटाने अर्धं पान पाठवायचं: काय केलं, काय दिसलं, कुठे अडलं, पुढे काय. ते आलं नाही तर भेट रद्द. हे कठोर वाटेल, पण ही शिस्त दुसऱ्या महिन्यात सैल केली तर मार्चमध्ये सगळं तुम्हालाच लिहावं लागेल.

वेळापत्रक उलटं मोजा. ‘आविष्कार’च्या फेऱ्या साधारण डिसेंबर-जानेवारीत येतात: आधी विभाग, मग विद्यापीठ, मग राज्य. म्हणजे डेटा दिवाळीपूर्वी हातात हवा, आणि मधे गणपती व सत्र परीक्षा आहेत. जून-जुलै प्रश्न आणि परवानगी, ऑगस्टमध्ये एक लहान चाचणी-फेरी, सप्टेंबर-ऑक्टोबर मुख्य काम. चाचणी-फेरी गाळू नका. बाटली फुटते, फॉर्ममधला प्रश्न कुणाला कळत नाही, फोनचं स्टोरेज मुलाखतीच्या मध्यावर भरतं, हे सगळं तिथे होऊन जाऊ दे. पावसाळ्यात खाडीचा खारेपणा उतरतो, म्हणून ऑगस्टचे चाचणी-नमुने ऑक्टोबरच्या मुख्य नमुन्यांत मिसळू नका.

पेपर छापण्याचा आग्रह कोणी धरला तर मुलांच्या बाजूने उभ्या राहा. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी जर्नल्स पदवीच्या मुलांना हमखास गाठतात, आणि तिथे छापलेलं नाव पुढे मिरवता येत नाही, पुसताही येत नाही. यूजीसीने मान्य जर्नल्सची ‘केअर’ यादीही 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे तपासणीची जबाबदारी आता कॉलेजवर आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवलेला नीट अहवाल आणि झेनोडो या खुल्या संकेतस्थळावर मोफत टाकलेला डेटा जास्त टिकाऊ आहे. वाङ्मयचौर्याबद्दलच्या यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दुसऱ्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, पण मुलांना टक्केवारी शिकवू नका, अवतरण आणि संदर्भ कसा द्यायचा ते शिकवा. एआयकडून भाषा तपासून घेतली तर तसं लिहायचं, आणि यादीतला प्रत्येक संदर्भ मुलांनी स्वतः उघडून पाहिलेला हवा. अहवालावर ज्यांनी काम केलं त्यांचीच नावं, आणि क्रम जुलैमध्येच ठरवून वहीत लिहिलेला.

फरक सापडलाच नाही, तर तसंच लिहू द्या. भरती-ओहोटीत ऑक्सिजन सारखाच आला, तर किती नमुन्यांत, किती चढउतारासह, हे लिहिलेलं पान पुढच्या वर्षीच्या गटाला थेट कामाला येतं. मुलं अशा वेळी हिरमुसतात आणि आकडे ‘थोडे नीट’ करण्याचा विचार मनात येतो. तो आठवडा त्यांच्यासोबत जास्त बसा.

आणि ज्यांना चव लागेल त्यांना बाहेर पाठवा. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या मुलांना विज्ञान संशोधनाची ओळख करून देणारा ‘नियस’ हा उपक्रम 2004 पासून चालतो, वाशीहून हार्बर लोकलने खाडी ओलांडली की पुढचंच स्टेशन. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप दोन महिन्यांची असते आणि तिचे अर्ज आदल्या वर्षाअखेरीस मागवले जातात, परीक्षेच्या गडबडीत ती तारीख निसटते. कलाशाखेच्या मुलांसाठी ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासूनचं आहे, आणि ठाणे जिल्ह्याचं 1882 चं गॅझेटिअर कुठल्याही गावच्या तुलनेला पहिला आधार देतं. शिफारसपत्र मागायला मुलं येतील तेव्हा त्यांची वही समोर ठेवून लिहा: कुठल्या तारखेला कुठला निर्णय कोणी घेतला आणि तो का बदलला, हे तुम्हाला त्यात सापडेल, आणि निवड करणाऱ्यांना नेमकं तेच वाचायचं असतं.